धर्मापुरीचे दगडी अलंकार आणि तागडीतले रुपे

अंबाजोगाई आणि परळी ही दोन क्षेत्रे महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाहीत. एकीकडे योगेश्वरी, दुसरीकडे ज्योतिर्लिंग म्हणून पूजिला जाणारा वैद्यनाथ. या दोन ठिकाणी येणारा यात्रेकरू बहुधा तेथूनच परत फिरतो. घाटनांदूरच्या बाजूने लातूर जिल्ह्याच्या सीमेकडे थोडे पुढे गेले, की बालाघाटाच्या पठारावर धर्मापुरी नावाचे गाव आहे, याची त्यास वार्ता नसते. कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्री दर्शनास येणारी जैन कुटुंबेही तेराची प्राचीन नगरी आणि धाराशिवची लेणी पाहून परततात. धर्मापुरी त्यांच्या वाटेवर येत नाही. तथापि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तागडी चालली, विशेषतः ज्यांच्या पेढीवर सोन्या-चांदीचा व्यवहार झाला, त्यांनी वाट वाकडी करून एकदा येथे यावे, असे या गावात काही आहे.

धर्मापुरीचे वैभव कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या घराण्यातील सहावा विक्रमादित्य इ. स. १०७६ पासून ११२६ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, गादीवर होता आणि मराठवाड्याचा हा भाग चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या युगाची साक्ष म्हणून धर्मापुरीत केदारेश्वराचे मंदिर उभे आहे. गावात पुढच्या काळातला किल्लाही आहे. त्याच्या भिंतींत जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसविलेले दिसतात. एका काळाची इमारत मोडून दुसऱ्या काळाने आपली भिंत बांधली. मोड घालून नवे घडविण्याचा हा प्रकार सराफीत नित्याचा आहे. येथे तो दगडात पाहावयास मिळतो.

केदारेश्वराच्या बाह्य भिंतीवर देवतांच्या आणि सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. सामान्य प्रेक्षक मुद्रा पाहतो, चेहरा पाहतो आणि पुढे जातो. सराफाची नजर मात्र अलंकारांवर थांबते, आणि तीच नजर येथे उपयोगी पडते. चालुक्यकालीन शिल्पकाराने स्त्रीमूर्तीच्या वस्त्राकडे फारसे लक्ष दिले नाही. अलंकारांकडे मात्र विलक्षण दिले. कानात मोठी वर्तुळाकार कुंडले, गळ्यात मण्यांचे पदर, दंडावर केयूर, मनगटावर कंकणांची रांग, कमरेस मेखला आणि तिच्यापासून मांडीवर सुटलेल्या माळा, पायांत नूपुर. दगडाला मणी ओवण्याची गरज नाही, तार पिळण्याची नाही, साखळीची कडी कडीत अडकविण्याचीही नाही. तरीही त्या काळच्या शिल्पकारांनी मणी, पीळ आणि कडी दगडात कोरली, याचा अर्थ उघड आहे. समोर धातूचा खरा दागिना होता. शिल्पकाराच्या टाकीआधी सोनाराची हातोडी चालली होती.

दगडातील त्या स्त्रीकडून गावाच्या बाजाराकडे वळले, की तेच आकार रुप्यात भेटतात. निदान काल-परवापर्यंत भेटत असत. मराठवाड्याच्या खेड्यातील स्त्रीचे धन चांदीत असे. सोने कमरेच्या वर वापरावयाचे, लक्ष्मी पायी घालावयाची नाही, या समजुतीमुळे पायांवर सर्वस्वी चांदीचा अधिकार. बोटांत जोडवी, विरोद्या आणि मासोळ्या. घोट्यावर तोडे, वाळे, पैंजण वा साखळ्या. दंडात वाकी किंवा वेळा, मनगटात गोट आणि पाटल्या, गळ्यात सरी, कमरेस कमरपट्टा. तान्ह्या मुलाच्या हातात बिंदल्या आणि कमरेस करदोडा. या परिसरातील तांड्यांवर बंजारा स्त्रियांचा साज आणखी वेगळा: केसांत टोपली, गालांच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी घुगरी, गळ्यात हासली. घुगरी आणि टोपली ही तेथे सौभाग्याची खूण; मंगळसूत्राचे स्थान तिला आहे.

या दागिन्यांची घडण पाहण्यासारखी असे. सोनार मुशीत चांदी वितळवी. ती साच्यात ओतून कांब निघे. कांब ऐरणीवर ठोकावयाची, कडक झाली की शेगडीत लाल करून पुन्हा मऊ करावयाची आणि पुन्हा ठोकावयाची. ठोकून धातू ताठतो व तापवून नरमतो, हे ज्ञान त्याच्या हातात होते. तार हवी असल्यास जंत्रीच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून कांब ओढली जाई. दोन तारा एकत्र पिळल्या की सरीचा पीळ तयार. तारेचे तुकडे निखाऱ्यावर वितळले की त्यांचे आपोआप गोल रवे होत, आणि टाकणखार लावून, फुंकणीने ज्योत वळवून ते रवे पत्र्यावर झाळले जात. शेवटी चिंचेच्या पाण्यात उकळून आणि रिठ्याने घासून दागिना उजळ केला जाई. ही घडण ओबडधोबड दिसे. कडेला हातोडीचा घाव राही, दोन वाळ्यांचे वजन नेमके सारखे नसे. शहरी डोळ्यास तो दोष वाटला, तरी गुऱ्हाळात, शेतात आणि विहिरीवर राबणाऱ्या हातापायांवर चाळीस वर्षे टिकेल असा जाड, खडबडीत दागिनाच तेथे योग्य होता.

येथे एक तुलना मनात येते. लडाखची स्त्री डोक्यावर पेराक घालते. त्या लांब पट्ट्यावर निळ्या-हिरव्या पेरोजांच्या ओळी शिवलेल्या असतात. तिबेट आणि हिमालयाच्या प्रदेशात चांदी आणि पेरोज यांची जोडी जुनी आहे. पेरोज हे नावच फारसी ‘फिरोजा’वरून आले आणि इराणातील निशापूरच्या खाणी त्यासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. दख्खनच्या खेड्यात मात्र चांदी बहुधा बिनखड्याचीच राहिली. तिला शोभा आली ती मणी, पीळ, कडी आणि घुंगरू या चार आकारांनी. रंग हवा तेथे पाटवेकऱ्याने लाल-काळा रेशमी गोंडा ओवून दिला. खडा नसल्याचा व्यवहारी लाभही होता. अडचणीच्या दिवशी दागिना तागडीत टाकला, तर वजा करण्यासारखे त्यात काही नसे.

हा अडचणीचा दिवस हेच या चांदीचे खरे प्रयोजन. निजामाच्या राज्यात, ज्यात बीड जिल्हा १९४८ पर्यंत होता, हाली सिक्क्याचा रुपया चाले. तो सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि शेकडा ८२ च्या आसपास चांदीचा. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. म्हणूनच शंभर इंग्रजी रुपयांस सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. हंगामात शेतकऱ्याच्या हाती रुपये येत. त्यांतले काही तो सोनाराकडे नेई आणि त्यांचेच तोडे होत. नाण्याचा टंच सर्वांस ठाऊक असल्याने फसवणुकीस जागा कमी. दुष्काळ आला की तेच तोडे पेढीवर येऊन पुन्हा रुपये होत. गावात बँक नव्हती; घरच्या लक्ष्मीच्या पायांवर मात्र मुदत ठेव होती.

आज बँक आहे, तरी ती ठेव पूर्ण संपलेली नाही. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. पावसाळा सरला की हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फडावरच्या कोपीत चांदी बाळगणे जोखमीचे. मग जाण्यापूर्वी कुणी ती गहाण टाकतो, कुणी विकतो. आलेल्या पैशांत गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या धान्याची सोय होते, मुलाची फी भरली जाते, आधीचे देणे फिटते. आजीचे तोडे नातवाच्या उपयोगी पडले, यात खेद करण्यासारखे काही नाही. त्यासाठीच ते घडविले होते. खेद आहे तो पुढच्या पायरीचा.

ती पायरी हिशेबाच्या भाषेत सांगावी. समजा, अर्धा किलो वजनाची जुनी वाळ्यांची जोडी पेढीवर आली. टंच काढला, तो शेकडा ८० निघाला. म्हणजे शुद्ध चांदी चारशे ग्रॅम. गाळणीची घट वजा करून त्या दिवसाच्या भावाने किंमत दिली. व्यवहार चोख झाला. त्याच दिवशी तेच गिऱ्हाईक नवे पैंजण घेऊ लागले, तर त्यास चांदीबरोबर मजुरीही द्यावी लागते. मजुरी ही घेताना जमेस धरली जाते. परत देताना ती शून्य असते. जुन्या वाळ्यांवर ज्या हाताने चार दिवस रवे झाळले, त्या हाताचे खाते कोणत्याही वहीत नाही. वाळे मुशीत जातात, त्यांची लगड होते, लगडी शुद्धीकरणास जातात आणि त्यांतून घाऊक बाजारातल्या तीस किलोच्या विटा होतात. तेथून चांदी हुपरी, आग्रा, राजकोट वा सेलम येथे जाते आणि पैंजण होऊन परत त्याच पेठेत येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीचा उद्योग हजारो घरे पोसतो. त्या पैंजणांत स्वतःचे कौशल्यही आहे. परंतु धर्मापुरीच्या आसपासचा जो आकार मुशीत गेला, तो हुपरीहून परत येत नाही.

बँकेचा नियमही तागडीचाच आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाचे एकत्रित निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही अंतिम तारीख ठरवून दिली. एका कर्जदाराचे दहा किलोपर्यंत चांदीचे दागिने तारण ठेवता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जास मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पारख कर्जदारासमक्ष करावयाची. कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिना परत करावयाचा. विलंब बँकेमुळे झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. गरीब स्त्रीच्या दृष्टीने हे निर्देश मोलाचे आहेत, कारण दागिना विकण्याऐवजी तो सोडवून आणण्याची वाट त्यांनी अधिक सुरक्षित केली. तरीही मूल्य ठरते ते फक्त त्यातील धातूचे. घडणीचे मूल्य तेथेही शून्य. नियमाने तसेच असावयास हवे. ठेवीदारांचा पैसा भावनेवर देता येत नाही. म्हणूनच जे बँकेला करता येत नाही, ते पेढीवर बसलेल्या माणसावर येते.

पेढीवरचा हा माणूस मराठवाड्याच्या पेठांत पुष्कळदा जैन असतो. सोनार घडवी आणि व्यापारी विकी, या जुन्या विभागणीमागे बाजाराच्या सोयीइतकाच श्रावकाचाराचाही भाग आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात जी पंधरा कर्मादाने सांगितली, त्यांतील अंगारकर्मात सोनाराच्या भट्टीचीही गणना आहे, कारण अग्नीच्या आरंभात जीवहिंसा आहे. हेमचंद्रांचा काळ इ. स. १०८८ ते ११७२. म्हणजे गुजरातेत हे लिहिले जात होते, तेव्हाच दख्खनमध्ये चालुक्यांचे शिल्पकार मंदिरांच्या भिंतीवर मेखला कोरीत होते. त्याच यादीत दंतवाणिज्य व लाक्षावाणिज्य, म्हणजे हस्तिदंताचा आणि लाखेचा व्यापार, हेही वर्ज्य ठरविले आहेत. हस्तिदंती चुडा आणि लाख भरलेल्या पोकळ पाटल्या यांपासून अनेक श्रावक दूर राहिले ते यामुळेच. अशा रीतीने भट्टी दुसऱ्याच्या हाती राहिली आणि तागडी आपल्या हाती आली. तागडीचे दोषही शास्त्राने मोजून ठेवले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे आहे, वजन-मापात कमी-अधिक करणे आहे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटे देणे, हेही आहे. चांदीच्या पेढीवर या तिन्ही अतिचारांची कसोटी रोज लागते. म्हातारी बाई वाचू शकत नाही, काट्यावरचा आकडा तिला कळत नाही, टंच तर नाहीच. तिच्यासमक्ष तोललेले वजन, कागदावर लिहून दिलेला टंच आणि दिलेल्या किमतीची पावती ही तीन कामे म्हणजे त्या दुकानातले सामायिकच होय. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवरही ओळख-क्रमांकासह हॉलमार्क घेण्याची ऐच्छिक सोय झाली आहे. नव्या मालापुरता तरी संशय त्यामुळे मिटू शकतो.

येथे कोणी विचारील, की दागिना मुशीत गेला काय आणि राहिला काय, अपरिग्रही श्रावकाने त्याची खंत का करावी? परिग्रह-परिमाणाच्या व्रतात हिरण्य-सुवर्णाचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि हिरण्य म्हणजे रुपे आदी चलन असा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मंदिराच्या रचनेतच आहे. त्या काळातील जैन मंदिरेही याच पद्धतीची. बाहेरच्या भिंतीवर अलंकारांनी लवलेल्या सुरसुंदरी आणि गाभाऱ्यात वीतराग जिन. बाहेरून आत येताना भक्ताने अलंकाराचे सारे जग पाहावे आणि मग ते मागे ठेवावे, असा तो क्रम आहे. बाहेरची भिंत फोडून टाकावी, असे कोणी सांगितले नाही. दीक्षार्थीही अंगावरचा एकेक अलंकार उतरवितो तो नातलगांच्या हाती देतो. मुशीत टाकीत नाही. त्यागात मालकी सुटते, वस्तूचा नाश होत नाही. जुन्या वाळ्यांवर मालकी सांगून ते तिजोरीत कोंडणे हा परिग्रह खराच. परंतु भाव चढला म्हणून दिसेल ते गाळून टाकणे हेही लोभाचेच दुसरे रूप आहे, आणि चांदीने किलोस लाखाचा टप्पा केव्हाच मागे टाकल्यापासून हा लोभ पेठोपेठी दिसतो.

म्हणून पेढीने करावयाच्या गोष्टी थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. जुना दागिना मुशीत जाण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र घ्यावे. नाव, वजन, टंच आणि तो कोणत्या गावचा, एवढे एका वहीत लिहावे. आणणाऱ्या बाईने त्याचे जे नाव सांगितले तेच लिहावे, कारण दागिन्याबरोबर शब्दही मुशीत जातो. विकण्यापूर्वी तिला तारणाची वाट एकदा समजावून सांगावी, मग तो व्यवहार बँकेत गेला तरी चालेल. शंभर नगांत एखादा नग अपवादात्मक घडणीचा असेल, तर तो गाळू नये. जाणत्या संग्रहालयाला द्यावा किंवा तालुक्याच्या शाळेस दाखविण्यास ठेवावा. आणि घरच्या लग्नात एक तरी जोडी यंत्राची न घेता जवळच्या गावच्या सोनाराकडून हाताने घडवून घ्यावी, मजुरी घासाघीस न करता द्यावी. सोनाराचा मुलगा ऐरणीवर बसेल की मोबाइलच्या दुकानात जाईल, हे त्या मजुरीवर ठरते. संग्रहाने कला दिसते, मागणीने ती जगते.

धर्मापुरीला जाण्यास दिवाळीनंतरचे दिवस चांगले. माळ हिरवा असतो, ऊन सोसवते आणि सकाळचा तिरपा प्रकाश भिंतीवर पडला की मूर्तींच्या गळ्यातला मणी अन् मणी सावलीसह उठून दिसतो. मूर्तींना हात लावू नये. मुलांना मात्र जवळ नेऊन एकेक अलंकार ओळखावयास सांगावा. मेखला, केयूर, नूपुर ही नावे पुस्तकातली. त्यानंतर घरी जाऊन आजीस विचारावे, की तिच्या सासूच्या पायांत काय होते. ती सांगेल ती नावे वहीत आधी लिहावीत. वजन मागाहून लिहिले तरी चालेल.